अकरावीचं मानसशास्त्र केलंच नाही, तर?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमाला व्हीसीई म्हणतात. प्रत्येक विषयाचे चार भाग असतात, त्यांना युनिट म्हणायचं. १ आणि २ साधारण अकरावीत होतात, ३ आणि ४ बारावीत. पहिल्या दोन युनिटांचा निकाल ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढाच लागतो. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी धरले जातात ते ३ आणि ४ चे गुण. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात तर स्वच्छ छापलं आहे की युनिट ३ ला कसलीही पूर्वअट नाही, फक्त ३ आणि ४ सलग करायला हवीत. थोडक्यात, अकरावीचं मानसशास्त्र न करता थेट बारावीचं घेता येतं.

घेता येतं, पण घ्यावं का? मेलबर्नमधल्या एका मराठी घरात यावरून बहीण-भावाची जुंपली. भाऊ इंजिनिअर, मेलबर्नमध्ये स्थायिक. त्याची लेक अकरावीत आहे. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्र सोडून मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. ताई सांगलीच्या, कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सध्या भावाकडे मुक्कामाला. विषय शिकवलेली बाई पाया पक्का करा म्हणेल आणि इंजिनिअर नियमावर बोट ठेवेल, असं कुणालाही वाटेल. झालं उलटं.

भाऊ : ताई, मी या फॉर्मवर सही करणार नाही. ज्या विषयाचं अकरावीचं पुस्तक उघडून पाहिलं नाही, त्याची थेट बारावीची परीक्षा? आपल्याकडे असं चाललं असतं का?

ताई : आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून अकरावी न करता बारावीला बसणारी पोरं आहेतच की. पण ते राहू दे. युनिट ३ आणि ४ मध्ये आहे काय, ते वाचलंस?

भाऊ : वाचलं, म्हणून तर म्हणतोय. सुरुवातच मज्जासंस्थेपासून. चेतापेशी, ग्लुटामेट, गाबा, डोपामिन, सेरोटोनिन. मग ताण आणि कॉर्टिसॉल. पुढे शिकण्याच्या पद्धती आणि स्मृती. युनिट ४ मध्ये झोप, मानसिक स्वास्थ्य, फोबिया, आणि वर स्वतः आखून केलेला एक प्रयोग. पोरीला वाटतंय, भौतिकशास्त्रापेक्षा हे हलकं जाईल.

ताई : ते तिच्या डोक्यातून काढायलाच हवं. आपल्याकडे हा विषय बहुतेक कला शाखेतली मुलं घेतात, म्हणून तो वाचून पाठ करायचा अशी समजूत झाली आहे. इथे तो विज्ञानाच्या गटात मोडतो. झोपेच्या धड्यात मेंदूच्या लहरींचे आलेख ओळखावे लागतात. इथवर तुझं बरोबर. आता मला यातलं असं एक पान दाखव, जे १ आणि २ केल्याशिवाय कळतच नाही.

भाऊ : मेंदू. युनिट १ मध्ये मेंदूची रचना आहे, मेंदू अनुभवानं कसा बदलतो तेही आहे. १८४८ साली लोखंडी सळई डोक्यातून आरपार गेलेल्या फिनियस गेजची गोष्टही तिथेच सांगतात. ते न शिकता हिला हिप्पोकॅम्पस नि अमिग्डाला कुठून कळणार?

ताई : युनिट ३ मध्येच कळणार. स्मृतीच्या धड्यात हिप्पोकॅम्पस काय करतो ते नव्यानं शिकवतात. मेंदूची ढोबळ ओळख हवी, मान्य. ती सुट्टीतल्या एका आठवड्याची गोष्ट आहे, आणि हिनं अकरावीत जीवशास्त्र घेतलंय. युनिट १ मध्ये बाकी काय आहे? मुलांची वाढ, आईशी जडणारं नातं, वाढीचे टप्पे. युनिट २ मध्ये पूर्वग्रह, गटाचा दबाव, डोळे आणि जीभ मेंदूला कसे फसवतात ते. बारावीच्या पेपरात यातलं थेट काही विचारत नाहीत.

भाऊ : म्हणजे ते वर्ष फुकट?

ताई : फुकट म्हटलं का मी? गणितात फलन कळल्याशिवाय कलन कळत नाही. मानसशास्त्राचे धडे तसे एकमेकांच्या डोक्यावर उभे नसतात. लहान मुलाची वाढ न शिकता झोप शिकता येते.

भाऊ : पण नियमावर तू जाऊ नकोस. ‘पूर्वअट नाही’ हेच वाक्य रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमातही आहे. म्हणून कुणी शहाणा माणूस अकरावी गाळून बारावीचं रसायनशास्त्र घेईल?

ताई : नाही घेणार. म्हणूनच मी नियमाचं नावसुद्धा काढलं नाही. विषयाची घडण बघू या, असं म्हणतेय.

भाऊ : बरं, घडणीवरच बोलू. हिला ज्या धड्यावर परीक्षा द्यायची आहे, तोच तुझ्यावर उलटवतो. सांगलीत वाढलोय, बुद्धिबळ रक्तात आहे. चेस आणि सायमन यांचा १९७३ चा प्रयोग तूच मला कधीतरी सांगितला होतास. पटावरची खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग ती तशीच मांडायला सांगायची. मुरलेल्या खेळाडूला ती नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त आठवते. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की त्याची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती. आधी पाहिलेल्या मांडण्या डोक्यात होत्या, एवढंच. ज्याला आधीचं ठाऊक आहे, त्याला नवं लवकर चिकटतं. मग जिच्या डोक्यात अकरावीच्या मांडण्याच नाहीत, तिनं काय करायचं?

ताई : छान. वर्गात असं बोलणारा एखादा असला की शिकवायला मजा येते. पण प्रश्न अर्धाच विचारलास. कुठल्या मांडण्या? बारावीच्या पेपरात पट कसला असतो, ते सांग.

भाऊ : कसला?

ताई : प्रयोगाचा. एखादा संशोधक, इतके लोक, असे दोन गट, हे केलं, ते मोजलं. अशी एक हकिगत देतात आणि तिच्यावर प्रश्न. धड्यातली माहिती पाठ असून भागत नाही, ती त्या हकिगतीवर बसवून दाखवावी लागते. काय बदललं, काय मोजलं, काय स्थिर ठेवायचं राहून गेलं, नमुना कसा निवडला, हे नजरेत भरायला लागतं. अकरावीचं खरं काम तिथे आहे. मुलाच्या वाढीचा धडा असो की चवीचा, त्याच्या आडून पोरं वर्षभर प्रयोगांची चिरफाड करत असतात. ती सवय गाळली, तर अडचण येते. धडा गाळल्यानं येत नाही.

भाऊ : म्हणजे शेवटी माझंच म्हणणं.

ताई : थांब. काल सकाळी चहा घेताना मी तिला एक प्रश्न लिहून दिला. एका जिममधले ४० जण स्वेच्छेनं आले. निम्म्यांना रात्रभर जागं ठेवलं, निम्म्यांना आठ तास झोपू दिलं. सकाळी सगळ्यांना २० शब्दांची यादी दाखवली आणि तासाभरानं किती शब्द आठवतात ते मोजलं. पहिला प्रश्न, या प्रयोगाचं गृहीतक लिही. दुसरा, निष्कर्ष सगळ्या प्रौढांना लागू होईल का?

भाऊ : मग?

ताई : हा बघ कागद. पहिल्याला लिहिलंय, ‘झोप झाली नाही की स्मरणशक्ती कमी होते.’ खरं आहे, पण हे आजीसुद्धा सांगेल. गृहीतकात दोन्ही गट यायला हवेत, मोजायचं काय ते यायला हवं, आणि कुठल्या बाजूला फरक पडेल तेही. ‘रात्रभर जागलेल्यांना आठ तास झोपलेल्यांपेक्षा यादीतले कमी शब्द आठवतील,’ असं लिहिलं की झालं. दुसऱ्याला तिचं उत्तर, ‘नाही, कारण माणसं वेगवेगळी असतात.’

भाऊ : बरोबरच आहे की.

ताई : बरोबर आहे आणि शून्य गुणांचं आहे. नमुना एकाच जिममधला, तोही आपणहून आलेल्यांचा. व्यायाम करणारे लोक सगळ्या प्रौढांचे प्रतिनिधी नव्हेत. हे हकिगतीतून उचलून लिहायला हवं. पण खाली बघ, कुणी न विचारता तिनं एक ओळ खरडली आहे : ‘दोन्ही गटांची वयं सारखी होती का, ते दिलेलं नाही.’

भाऊ : हे कुठून आलं?

ताई : जीवशास्त्रातून. इथल्या सगळ्या विज्ञान विषयांत प्रयोगाची कौशल्यं बरीचशी सारखी आहेत. ही मुलगी रिकाम्या हातानं येत नाहीये. इतिहास, अकाउंटिंग आणि चित्रकला घेतलेल्या मुलीनं हाच प्रश्न मला विचारला असता, तर मी दहा वेळा विचार करून उत्तर दिलं असतं. अकरावी गाळावी का, याला एकच एक उत्तर नाही. कोण गाळतंय ते बघायचं.

भाऊ : आणि कुणाशी स्पर्धा आहे, तेही बघायचं. प्रत्येक विषयाचा स्टडी स्कोअर ५० पैकी असतो, पण ती टक्केवारी नव्हे, तो क्रम आहे. सरासरी ३० ला बांधलेली, प्रमाण विचलन ७. राज्यातली हजारो मुलं हा विषय घेतात. त्यांतल्या बहुतेकांनी वर्षभर तुझी ती चिरफाड केलेली असणार. वर स्केलिंग. मानसशास्त्र घेणारी मुलं त्यांच्या इतर विषयांत कशी ठरतात, त्यावरून गुण वर-खाली सरकवतात. या विषयाचे सहसा थोडे खालीच येतात.

ताई : आणि भौतिकशास्त्राचे वर जातात, म्हणून तुला ते सोडवत नाही. वर सरकवलेले २५ जास्त की खाली सरकवलेले ३५, हे इंजिनिअरला मी सांगायचं?

भाऊ : ३५ पडतील, हे कुणी सांगितलं?

ताई : कुणीच नाही. पण भौतिकशास्त्रात २५ च्या आसपास राहील, हे तिचे शिक्षक सांगतायत. एटार, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाचा क्रमांक, काढताना इंग्रजी आणि त्यापुढचे सर्वांत चांगले तीन विषय पूर्ण धरतात, पाचव्या-सहाव्याचे दहा-दहा टक्के. स्केलिंगच्या तक्त्यावरून विषय निवडणाऱ्यानं एवढं तरी आधी मांडून बघावं. आणि भौतिकशास्त्र सोडल्यावर विद्यापीठाचे कुठले अभ्यासक्रम हातचे जातात, तेही. दार बंद होत असेल तर ते तिथे होईल. पुढे मानसशास्त्राची पदवी करायची असली, तरी बारावीला हा विषय असणं सहसा सक्तीचं नसतं.

भाऊ : मग घेण्याची एवढी घाई कशाला? पदवीला शिकेल.

ताई : ती भौतिकशास्त्रापासून पळ काढतेय असं तुला वाटतंय ना? मलाही थोडं वाटतं. निव्वळ पळ असेल, तर मीही नको म्हणेन. मार्चमध्ये चेतापेशींची पहिली चाचणी आली, की तिथूनही पळावंसं वाटेल. म्हणून तिला विषय का हवा हे विचारू नकोस, त्याला ती छान उत्तर देईल. अभ्यासक्रम तिच्या हातात दे आणि यातला कुठला धडा आधी वाचावासा वाटतो, ते विचार.

भाऊ : ते मी विचारलं. झोपेचा म्हणाली. पहाटे दोनपर्यंत जागणाऱ्या पोरीला दुसरं काय सुचणार?

ताई : त्याच धड्यात तिचं उत्तर आहे. वयात येताना मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, म्हणून झोपही उशिरा येते. तू तिला रोज आळशी म्हणतोस, ते कदाचित बंद होईल. पण आता मी तुझ्या बाजूनं एक गोष्ट सांगते.

भाऊ : माझ्या बाजूनं?

ताई : हो. गुणांचा विचार केला, तर अकरावी गाळली म्हणून फारसं बिघडत नाही. विषयाचा विचार केला, तर माझा जीव तुटतो. बारावीत संशोधनाची नीतितत्त्वं आहेत. पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती, हवं तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क, गुप्तता, प्रयोगानंतर खरा हेतू सांगणं. पोरं यादी घोकतात. पण ही यादी कुठून आली? १९६१ मध्ये येलमध्ये मिलग्रॅमनं माणसांना एका खोट्या यंत्रापुढे बसवलं. पलीकडच्या माणसाला विजेचे झटके बसतायत असं त्यांना वाटत होतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. घाम फुटलेले, हात थरथरणारे, थांबू द्या म्हणणारे. त्यांना सांगितलं जात होतं, प्रयोग पुढे चालू ठेवा. हे ज्यानं ऐकलंय, त्याला बाहेर पडण्याचा हक्क पाठ करावा लागत नाही. त्याआधी १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती घातली. ती भीती घालवण्याआधीच ते मूल तिथून नेलं गेलं. आईशी जडणाऱ्या नात्यासाठी हार्लोची माकडं, गटाच्या दबावासाठी अ‍ॅशच्या रेषा. शिक्षक म्हणून मला हेच आवडतं, आणि यातलं बरंचसं अकरावीत आहे.

भाऊ : म्हणजे मी गुणांसाठी नको म्हणतोय, आणि तू गुणांपुरतं हो म्हणतेस, पण मनातून नको म्हणतेस?

ताई : मनातून वाचू दे म्हणते. हे वाचायला शाळेचं वर्ष लागत नाही. सुट्टीत एकेक गोष्ट, रात्री जेवणानंतर. परीक्षेला येत नाही म्हणून तर ती मजेनं वाचेल. मी इथे आहे तोवर मीच सांगेन.

भाऊ : गोष्टींनी परीक्षा निघत नाही. पद्धतशीर काय करायचं, ते सांग.

ताई : शाळेतल्या शिक्षकांना भेटायचं. नियम काहीही म्हणोत, वर्गात घ्यायचं की नाही यावर शाळेचं मत असतं, आणि ते अकरावीच्या संशोधन पद्धतीचे कागद देतील. मग डिसेंबर-जानेवारीत ते कागद आणि मेंदूचं एक प्रकरण, एवढंच. अकरावीचं अख्खं पुस्तक वाचायला बसली तर उत्साह तिथेच संपेल. आणि जुन्या प्रश्नपत्रिका. अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत, सोबत परीक्षकांचा अहवालही असतो. मुलं नेमकी कुठे घसरली, ते त्यात सापडतं. फक्त २०२३ पासून अभ्यासक्रम बदललाय, त्याआधीच्या पेपरातलं काय उरलं नि काय गेलं, ते बघून घ्यायचं.

भाऊ : वाचून काढेल ती. वाचायला तिला आवडतं.

ताई : तिथेच फसगत होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि आपल्याला ते येतं असा भ्रम होतो. जिनं अकरावी केलेली नाही, तिला हा भ्रम सगळ्यांत महागात पडेल. तिनं वाचायचं कमी, लिहायचं जास्त. रोज एक हकिगत, कागद पालथा घालून उत्तर, मग अहवालाशी ताडून बघणं.

भाऊ : आणि घसरली तर? युनिट ३ चे शाळेतले गुण २० टक्के, युनिट ४ चे ३०, शेवटचा पेपर ५०. आपल्या बारावीला ८० गुणांचा पेपर नि २० चं काम. शेवटी रात्रीचा दिवस करून वेळ मारून नेता यायची. इथे मार्चपासून हिशेब सुरू.

ताई : हा तुझा सगळ्यांत वजनदार मुद्दा आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाकीची पोरं सरावलेली असतील तेव्हा ही अजून चाचपडत असेल. पहिल्या चाचणीत ती मागे पडू शकते. पुढची ३० आणि ५० टक्के हातात असतात, पण गेलेले गुण गेले. ते तिला आधीच सांगून ठेव. माहीत असून घेतलेला धोका आणि न कळता बसलेला धक्का, यांत फरक आहे.

भाऊ : तो कागद इकडे दे. काल तू तिला चुका समजावल्यास, त्यानंतर दुसरा प्रश्न दिलास का?

ताई : दिला. कोळ्यांना भिणाऱ्या लोकांवरचा. गृहीतकात दोन्ही गट आले, मोजमाप आलं, कुठल्या बाजूला फरक पडेल तेही आलं.

भाऊ : आणि निष्कर्षाचं?

ताई : ‘माणसं वेगवेगळी असतात.’

भाऊ : बघ!

ताई : बघतेय की. एका दिवसात अर्धं सुधारलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पाच महिने आहेत.

भाऊ : बरं, सही करतो. पण शाळेची विषय बदलायची मुदत संपेपर्यंत भौतिकशास्त्राचं पुस्तक विकायचं नाही. सुट्टीत तिनं लिहिलेले कागद मला दिसले पाहिजेत. दिसले नाहीत, तर परत भौतिकशास्त्र.

ताई : चालेल, ही अट रास्त आहे. फक्त ती लिहीत असताना तू शेजारी बसू नकोस. दुसऱ्याच मिनिटाला उत्तर सांगतोस तू, आणि मग ते तिचं राहत नाही.